गोळ्या काढायला शिकताना

"कुणावर राग हाय का?"

शूटिंग रेंजवर पाऊल टाकल्यावर सुभेदारांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते बशीतून चहा पीत होते आणि बशीच्या काठावरून माझ्याकडे असं बघत होते, जणू मी काहीतरी चोरून आणलंय. मी शाळेत विज्ञान शिकवते. असं बघायचं काम माझं. माझ्याकडे कोणी असं बघितलेलं मला खपत नाही.

"राग कशाला असायला पाहिजे?" मी म्हणाले. "छंद म्हणून शिकायचंय."

"छंद," एवढंच म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली.

त्यांचा विश्वास बसला नाही हे मला कळलं. बसायला नकोच होता, कारण मी धडधडीत खोटं बोलत होते. सांगलीच्या बाहेर ही पत्र्याची लांब शेड होती. आधी तिथं ट्रॅक्टरचं गॅरेज असावं, जमिनीत ऑइलचे काळे डाग मुरलेले होते. एका टोकाला उभं राहायच्या जागा, दुसऱ्या टोकाला कागदाची निशाणं आणि त्यामागं जाड फळ्या. फौजेतून निवृत्त होऊन सुभेदार इथं शिकवायचे. रविवारी सकाळी कॉलेजची पोरंपोरी स्पर्धेची तयारी करायला यायची. त्यांच्यात पंचेचाळिशीची, खांद्याला शाळेची पिशवी अडकवलेली मी म्हणजे डोळ्यात भरण्यासारखाच प्रकार होता.

"माहेर कुठलं?"

"सातारा."

"म्हंजी आमच्याच मुलखातल्या. आमी कराडकडचं. मग घरात कुनीतरी फौजी असंल."

"वडील होते. पण घरात त्यांनी कधी हत्यार आणलं नाही."

"शानं मानूस." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "एकट्याच आलाय? मालकांस्नी ठावं हाय?"

"हो," मी म्हणाले. पाच मिनिटांत दुसरं खोटं.

खरं कारण सांगायचं तर तासगावला, आमच्या द्राक्षमळ्यातल्या घरी जायला लागेल.

माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, बेदाण्याचा व्यापार करायचे. पूर्वी सौदे झाले की रोख रक्कम कापडी पिशवीत घालून, मोटरसायकलवरून सांगली ते तासगाव यायचं, असा तो धंदा. त्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याला लुटलं तेव्हा आबांनी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं. ते त्यांनी माणसावर कधी चालवलं नाही. कमरेला असायचं, एवढंच. पण त्यामुळे आबा जिथं जातील तिथं लोक जरा सरळ होऊन बसायचे, आणि ते आबांना आवडायचं. आता सगळा व्यवहार बँकेतून आणि फोनवर होतो. पिशवी गेली, मोटरसायकल गेली, सासूबाई गेल्या. रिव्हॉल्वर राहिलं आणि ते कमरेवरून उशाखाली आलं.

गेल्या दोनेक वर्षांत आबांची आठवण पातळ व्हायला लागली होती. त्या प्रमाणात संशय घट्ट होत गेला. दूधवाला पाणी घालतो. मजूर छाटणीच्या कात्र्या पळवतात. सूनबाई माझी ट्रंक उघडते. किल्ली स्वतःच कुठंतरी ठेवायची आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचं. मला ह्याचा राग यायचा, पण नवल वाटायचं नाही. मी स्वतः संशयी बाई आहे. वर्गात दोन पोरांचं उत्तर सारखं आलं की मी आधी बाकावर कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं ते आठवते. एका घरात असे दोघं असले की तिसऱ्याचे हाल होतात, आणि आमच्या घरातला तिसरा म्हणजे माझा नवरा. तो बिचारा बहुतेक वेळ मळ्यातच असायचा.

उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी चारला आबांचा चहा घेऊन मी त्यांच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं, मी पायानं ढकललं. आबा पलंगावर बसलेले. दोन्ही हातांत रिव्हॉल्वर आणि नळी सरळ माझ्या पोटाकडे.

"मागं हो!" ते ओरडले. "जवळ येऊ नगंस!"

कप कधी पडला मला कळलं नाही. त्यांचे डोळे मी कधी तसे बघितले नव्हते. त्यात ओळख नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. मी तशीच मागे सरकत स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चहा पायावर सांडून पाय भाजलाय हे संध्याकाळी कळलं.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना वाटलं असंल चोर आला."

"दुपारी चारला? चहा घेऊन?"

"अगं, म्हातारं माणूस. त्यांच्या रिव्हॉल्वरला हात लावायचा न्हाई. ती इज्जत हाय त्यांची. काढून घेतलं तर आठ दिवस टिकायचे न्हाईत."

"मग पोलिसात जमा करू."

"म्हंजे सगळ्या तासगावात बापाला येडा ठरवू?"

"निदान गोळ्या तरी काढून ठेव."

तो जरा वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला येत न्हाई ते. आबांनी कधी हातच लावू दिला न्हाई. तुला येतंय का?"

हे तो टोमणा म्हणून म्हणाला. पण माझ्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं.

आमची एकुलती मुलगी कराडला इंजिनिअरिंगला आहे. तिची घरी यायची एक ठरलेली पद्धत. दारात सॅक टाकायची, पळत आबांच्या खोलीत जायचं आणि मागून त्यांचे डोळे झाकायचे. आबा मुद्दाम भलत्याच नातेवाइकांची नावं घ्यायचे आणि ती खिदळायची. लहानपणापासून चाललेला खेळ. त्या दुपारनंतर मला हा खेळ आठवला की काळजात चर्र व्हायचं. मागून कोणीतरी डोळे झाकलेत, हाताशी रिव्हॉल्वर आहे, आणि आबांना त्या क्षणी ती आपली नात आहे हे आठवलं नाही तर?

मी तिला घरी येऊ देईनाशी झाले. कधी घराला रंग चाललाय, कधी पाहुणे आलेत, कधी मीच कराडला येते. मी जायचेही. तिला डबा द्यायचा, कृष्णेच्या घाटावर थोडा वेळ बसायचं आणि परतीची एसटी धरायची. ती माझीच मुलगी, तिच्या मनात पाल चुकचुकल्याशिवाय कशी राहील? एकदा तिनं सरळ विचारलं, "आई, तुमचं दोघांचं भांडण झालंय का? का आबांना काही झालंय?" मी म्हटलं, काही नाही. दिवाळीला मात्र तिला अडवणं शक्य नव्हतं. दिवाळीच्या आत त्या रिव्हॉल्वरमधल्या गोळ्या बाहेर निघायला हव्या होत्या, आणि आबा सोडून घरात कोणालाच ते येत नव्हतं. म्हणून मी सांगलीची एसटी धरली. घरी सांगितलं, शिक्षकांचं ट्रेनिंग आहे.

सुभेदारांनी पहिल्या दिवशी मला नुसते नियम सांगितले. नळी कायम निशाणाकडे. चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट बाहेर. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हातातलं प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं. "कुनी बी सांगू दे, रिकामं हाय म्हनून. आई सांगू दे, बाप सांगू दे. इश्वास ठिवायचा न्हाई. सोता उघडून बगायचं."

मी मनात म्हटलं, अरे वा. जन्मभर ज्या स्वभावापायी मी बोलणी खाल्ली, त्याचा इथं नियम करून भिंतीवर लावलाय.

त्यानंतर कितीतरी रविवार त्यांनी मला छर्रा म्हणून दिला नाही. एअर पिस्तूल रिकामं. निशाणाकडे उजवी बाजू करून उभं राहायचं, डावा हात कमरेवर, उजवा सरळ पुढे. नळीच्या टोकावर नेमासाठी बारीक खुंटी असते, तिला माशी म्हणतात; ती मागच्या खाचेत बसवायची आणि तशीच धरून ठेवायची. दिसायला सोपं. थोड्या वेळात खांद्यातून कळ निघते आणि ती माशी खऱ्या माशीसारखी नाचायला लागते. शेजारी एक कॉलेजची मुलगी फाडफाड निशाणं भोकसत असायची आणि मी आपली रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढतेय. टक. पुन्हा हात खाली. पुन्हा वर.

"मला कधी देणार छर्रे?" एकदा मी चिडून विचारलं.

"घाई कसली हाय तुमाला?" सुभेदार म्हणाले. "छंद हाय न्हवं?"

हा माणूस खडा टाकून बघतोय हे मला समजत होतं. मी कधी येते, कधी जाते, फोन आला तर कुठं जाऊन बोलते, सगळ्यावर त्यांची नजर. मी पाणी प्यायला गेले तरी पिस्तूल आधी स्वतःच्या ताब्यात घ्यायचे. बाकीच्यांशी गमतीजमती चालायच्या, माझ्याशी फक्त कामापुरतं. मला तर एकदा वाटलं की ते आमच्या घरी फोन करून चौकशी करणार. म्हणून मी नंबर देताना शेवटचा आकडा चुकवला. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मॅडम, नंबर चुकलाय तुमचा." म्हणजे त्यांनी लावून बघितला होता!

शेवटी छर्रे मिळाले. पहिला छर्रा कागदालाही लागला नाही, चौकटीच्या लाकडात घुसला. शेजारची मुलगी हसली आणि मग माझं वय आठवून सॉरी म्हणाली. ते सॉरी जास्त लागलं. पण हळूहळू भोकं कागदावर यायला लागली, मग काळ्या वर्तुळाच्या आसपास. श्वास अर्धा सोडून थांबल्यावर एक क्षण असा यायचा की सगळं स्थिर. त्या क्षणात आबा नाहीत, दिवाळी नाही, खोटं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. जी गोष्ट मी भीतीपोटी शिकतेय ती आवडतेय म्हणजे काय, असा मग मला माझाच संशय यायला लागला.

घरी वेगळंच चाललं होतं. नवऱ्याला माझ्या पिशवीत एक छर्रा सापडला, डमरूच्या आकाराचा. तो हातावर घेऊन बघत बसला. मी म्हटलं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं शिसं आहे. "आसं कमरेत बारीक?" तो म्हणाला. त्यानं तो नखानं दाबून बघितला, पण पुढं बोलला नाही. त्याचं न बोलणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. मळ्याशेजारच्या काकूंनी मला सांगलीच्या स्टँडवर बघितलं होतं. "रविवारचं कसलं गं ट्रेनिंग?" असं त्यांनी विचारलं ते उत्तर ऐकण्यासाठी नव्हतंच. आणि आबा दारासमोरच्या ओट्यावर बसून, मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत माझ्या पाठीकडे बघत असायचे. त्यांच्या खोलीत मी आता चहा न्यायचे तो आधी दारातून खाकरून. दोघंही एकमेकांवर डोळा ठेवून होतो.

पावसाळा सरला तरी मी एअर पिस्तुलाच्या पुढे गेले नव्हते. दिवाळी जवळ यायला लागली. एका रविवारी, सगळे गेल्यावर, मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "सर, खरं रिव्हॉल्वर असतं ना, त्याची गोळ्यांची चक्री उघडतात कशी?"

सुभेदारांनी माझ्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं. टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे करून. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"आज खरं बोलायचं. न्हाईतर उद्यापास्नं यायचं न्हाई."

"मी खरंच..."

"ऐका. निशाण कुटं लागलं ह्ये तुमी कवाच बगत न्हाई. नवा मानूस आदी कागद बगतो. तुमी पिस्तूल कसं उघडतंय ती बगता. एकटी बाई येती, घरी म्हाईत नसतंय, नंबर चुकीचा देती. मारायचं असतंय न्हाईतर मरायचं असतंय. आशी मानसं मी पायल्यात. म्हनून तुमाला इतकं दिस रिकामं उभं क्येलं. कटाळून जातील, न्हाईतर बोलतील."

माझा चेहरा तापला. इतके दिवस ह्या माणसाला मी कोण वाटत होते! आणि मग मला रडू आलं, जे मला अजिबात चालत नाही. मी सगळं सांगितलं. चहा, नळी, "मागं हो", नवरा, मुलगी, तो डोळे झाकायचा खेळ.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या परवान्यावरचं जुनं रिव्हॉल्वर आणलं. आबांच्या रिव्हॉल्वरचं मी वर्णन केलं होतं, त्याच जातीचं. आधी स्वतः उघडून मला दाखवलं, मग मला उघडून बघायला लावलं. मग शिकवलं. अंगठ्यानं बाजूचा खटका ढकलायचा, नळी खाली मोडायची, चक्री वर येते आणि तिच्याबरोबर गोळ्या आपोआप उचलल्या जातात. मोडा, मिटा. मोडा, मिटा. शेवटी डोळे मिटूनही माझा अंगठा बरोबर खटक्यावर जायला लागला.

"येक ध्यानात ठिवा," ते म्हणाले. "नाय उघडलं तर जोर करायचा न्हाई. तोंड भिंतीकडं करून ठिवायचं आन् मला फोन. आता खरा नंबर हाय न्हवं माज्याकडं?"

माझा बेत साधा होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ऑक्टोबर छाटणीच्या कात्र्या, कोयते, औषधाचे पंप, ट्रॅक्टर, सगळं अंगणात मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. पाटावर मधोमध आबांचं रिव्हॉल्वर. आबा स्वतः गोळ्या काढून शेजारी वाटीत ठेवायचे. तेवढ्या वेळात ती वाटी उचलायची, आणि मागं एखादी गोळी राहिली नाही ना हे रिव्हॉल्वर उघडून बघायचं. आबा ओरडले तर ओरडू देत.

खंडेनवमी उजाडली. अंगणात सगळं मांडून झालं, नवऱ्यानं ट्रॅक्टरला हार घातला, पण पाटाची मधली जागा रिकामीच. आबा खोलीतून बाहेर येईनात. तेव्हा मला आठवलं की गेल्या वर्षी रिव्हॉल्वर पाटावर होतं पण शेजारी वाटी नव्हती. "असू द्या आत," असं काहीतरी आबा म्हणाले होते आणि आम्ही कोणी लक्ष दिलं नव्हतं.

मी खाकरून दार लोटलं. आबा पलंगावर बसलेले, हातात तेच. अंगठा खटक्यावर, मान खाली, कपाळावर घाम. नळी पुन्हा दाराकडे.

मी उंबऱ्यावरच थांबले. पण तोंडातून जे निघालं ते सुभेदारांच्या आवाजात निघालं. "आबा, तोंड भिंतीकडं. बोट बाहेर काढा."

त्यांनी काढलं. नळी भिंतीकडे वळवली. मग त्यांनी वर बघितलं, आणि त्या नजरेत ओळख होती, पुरेपूर.

"दार लाव," ते हळूच म्हणाले.

मी दार लावलं, पण पाठ दाराला टेकवूनच उभी राहिले.

"उघडंना झालंय ह्ये," आबा म्हणाले. "गेल्या दसऱ्यापास्नं. गोळ्या आत हायत आन् काडायचं कसं ती मला इसारलंय. इतकी वर्सं डोळं झाकून केलं, आन् आता याद येत न्हाई. रोज बगतो. पोरगी येती, म्हागनं गळ्यात पडती. कुनाच्या हाताला लागलं म्हंजी? म्हनून उशाला घिऊन निजतो. कुनाला हिकडं फिरकू देत न्हाई."

"मग उन्हाळ्यात मला मागं हो म्हणालात..."

"भरलेलं हुतं न्हवं! मी खटका दाबतुया आन् तू म्होरं हुबी."

"सांगितलं का नाही कोणाला?"

"सांगून? म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं म्हनून मळ्याच्या कागदावर माझा आंगठा घेतला आसता."

"तुमचा मुलगा असं करेल?"

"न्हाई करायचा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन भ्या वाटतंय."

मी हात पुढे केला. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग रिव्हॉल्वर दिलं. जड होतं. नळी भिंतीकडे ठेवून मी अंगठा खटक्यावर नेला. ढकलला. खटका हलेना. जरा जास्त दाब. नाही. मी खिडकीच्या उजेडात धरलं, तर खटक्याच्या फटीत आणि नळीच्या सांध्यात तांबूस-पिवळं काहीतरी गच्च बसलेलं. कुंकू, हळद, तेल आणि वर शिंपडलेलं पाणी. दरवर्षी पूजा झाली की आबा धोतराच्या सोग्यानं वरून पुसायचे. आत जे गेलं ते थरावर थर वाळत, गंजाबरोबर सिमेंट होऊन बसलं होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला पुजलं, आणि पुजून पुजून बंद करून टाकलं.

"आबा, हे मलाही उघडत नाही."

"तुला तरी कुटं येतंया?"

"मला येतं. मी शिकलेय. हे कुणालाच उघडणार नाही. कुंकू बसलंय आत, जाम झालंय."

त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी रिकामा उजवा हात हवेत धरला, अंगठा पुढे ढकलला आणि मनगट खाली मोडलं. "खटका आसा. मग नळी खाली. आसंच न्हवं?"

"अगदी असंच."

"म्हंजी मी इसारलो न्हवतो?"

"नाही आबा. हे नाही विसरलात."

ते रडले. आवाज न करता, तोंडावर हात घेऊन. मी रिव्हॉल्वर कपाटावर ठेवलं, नळी बाहेरच्या दगडी भिंतीकडे करून, त्यांना धरून बाहेर आणलं, खोलीला कुलूप लावलं आणि सुभेदारांना फोन केला.

सणाचा दिवस असूनही ते मोटरसायकलवरून आले. सगळ्यांना मळ्याच्या पार टोकाला पाठवून त्यांनी खोलीत एकट्यानं कितीतरी वेळ तेल सोडत, वाट बघत, पुन्हा तेल सोडत काढला. बाहेर आले तेव्हा उघडलेलं रिव्हॉल्वर एका हातात आणि वाटीत गोळ्या.

नवऱ्यानं विचारलं, "जामच हुतं म्हंजे उडलंच नसतं न्हवं?"

"खटका जाम हुता. चाप मोकळा हाय," सुभेदार म्हणाले. "उडलं असतं."

नवरा ओट्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. त्या छर्‍याचं, रविवारांचं, सगळ्याचं त्याला मी तिथंच सांगून टाकलं. सुभेदारांनी दोन कडाकण्या खाल्ल्या आणि गेले. रिव्हॉल्वर पुढं रीतसर पोलिसांकडे जमा झालं. जमा करायला आबा स्वतः आले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

पण त्या संध्याकाळी, खंडेनवमीच्याच, मी ओट्यावर दिवा लावायला गेले तेव्हा आबा तिथं बसलेले होते.

"कुटं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"सांगलीला."

"त्ये दर रइवारी?"

"हो."

"मला वाटलं वकिलाकडं जातीस. मळ्यापायी."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते अंगणातल्या ट्रॅक्टरच्या हाराकडे बघत होते.

"उनाळ्यापास्नं पोरगी घरला आली न्हाई. फोनवर तिला घराला रंग चाललाय म्हनलीस, त्ये ऐकलंय मी. रंग तर कुटं दिसंना." ते माझ्याकडे वळले. "माझ्यामुळं आली न्हाई व्हय ती?"

काहीतरी सांगता आलं असतं. परीक्षा होत्या, अभ्यास होता. इतकी खोटी बोलून झाली होती, आणखी एक सहज निघालं असतं.

"हो आबा," मी म्हणाले. "तुमच्यामुळं."

त्यांनी ओट्यावर पडलेलं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मी दिव्याजवळ तशीच उभी.

"बरं क्येलंस," ते म्हणाले. "मला बी माझा भरवसा न्हवता. आता लाव तिला फोन. मी बोलतो."